उकळलेल्या पाण्याचा प्रश्न

छत्तीसगडच्या काही जिल्ह्यांतील भूजलात युरेनियम आढळल्याच्या बातम्या २०२४ च्या अखेरीस देशभर पोहोचल्या. दुर्ग, बालोद, कांकेर येथील काही नमुन्यांत त्याचे प्रमाण लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा ३० मायक्रोग्रॅमची आहे. त्या दिवसांत रायपूरच्या माझ्या वर्गात बालोदकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, पाणी उकळून प्यायले तर युरेनियम जाईल ना? पाणी उकळताना भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तसेच तेही खाली बसेल, असा तिचा तर्क होता.

उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी तत्काळ दिले. कारण सांगताना मात्र मी अडखळलो.

वर्षानुवर्षे मी एक सोपा नियम शिकवत आलो होतो. युरेनियमची ऑक्सिडीकरण अवस्था चार असेल, तर ते खडकात स्थिर राहते. सहा असेल, तर ‘युरेनिल’ आयन होऊन पाण्यात उतरते. उथळ, ऑक्सिजनयुक्त भूजलात हा नियम खरा आहे. तेथे युरेनिलला सोबत मिळते ती कार्बोनेटची, आणि पुष्कळदा कॅल्शियमचीही. ही संकुले पाण्यात चांगली विरघळतात. उकळल्यावर चुन्याचा काही भाग तळाशी बसतो, पण युरेनियम काढून टाकण्याचा तो भरवशाचा मार्ग नव्हे. उलट पाणी आटते, तसे उरलेल्याचे प्रमाण वाढू शकते. त्यासाठी आरओ किंवा आयन-विनिमयाची यंत्रणाच हवी.

तिला नीट उत्तर देता यावे म्हणून मी वाचू लागलो, आणि माझ्या नियमाची सीमा मला दिसली. भूगर्भात खोलवर, शंभर अंशांच्या वर, पाणी गोडे नसते. कित्येकदा ते समुद्राहून कितीतरी खारट असते. २०१८ साली तिमोफेयेव आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवले की, आम्लधर्मी आणि ऑक्सिजनविरहित अशा तप्त खारट द्रावणात चौथ्या अवस्थेतील, म्हणजे आम्ही ‘स्थिर’ म्हणत आलो तेच युरेनियम चार क्लोराइडांच्या सोबतीने विरघळून वाहू शकते. दुसरीकडे, उथळ पाण्यात इतकी निष्ठावान असणारी कार्बोनेटची सोबत तापमान वाढताच झपाट्याने सैल होते, हे २०२१ च्या एका अभ्यासाने दाखवले. अर्थात तो अभ्यास भूगर्भातील तापमानांचा आहे. स्वयंपाकघरातील पातेल्याचा नव्हे.

कॅनडाच्या अथाबास्का खोऱ्यातील समृद्ध खनिजाच्या सान्निध्यात क्वार्ट्झमध्ये अडकलेले प्राचीन द्रवाचे सूक्ष्म थेंब २०१२ मध्ये तपासले गेले. ते खारट आणि आम्लधर्मी होते, आणि त्यांत युरेनियमचे प्रमाण असाधारण होते. असे द्रव थंडावले, सौम्य झाले किंवा क्षपणकारक खडकांना भिडले, की त्यांतील युरेनियम खाली उतरते आणि खाण जन्मते. आपल्याही राज्यात, गडचिरोलीच्या सीमेलगत, बोदल आणि भंडारीटोला येथे अणुखनिज संचालनालयाने युरेनियम शोधले आहे. अशा खडकांकडे पाहताना आता मी आधी विचारतो: पाणी किती तप्त होते, किती खारट, आणि कुणाच्या सोबतीने?

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. अणुभट्टीतून निघालेले वापरलेले इंधन बहुतांशी युरेनियम डायऑक्साइडच असते, आणि अनेक देश ते खोल खडकांत पुरण्याची तयारी करत आहेत. ‘चौथी अवस्था हलत नाही’ या एका वाक्यावर तेथे विसंबता येणार नाही. स्थळाचे तापमान आणि पाण्याचे क्षार मोजावेच लागतील.

पुढच्या तासाला मी फळ्यावर जुना नियम पुन्हा लिहिला, आणि त्यापुढे तीन शब्द जोडले: ‘थंड, गोड्या पाण्यात.’ त्या विद्यार्थिनीने वहीत ते उतरवले आणि त्यांखाली रेघ ओढली. मग तिने विचारले, गावातल्या हातपंपाचे पाणी तपासायला कुठे न्यायचे? तो प्रश्नही तितकाच शास्त्रीय होता. आम्ही बाटल्या स्वच्छ धुऊन, नमुना कसा घ्यावा, इथून सुरुवात केली.