मगावरचे अप्पा

बदलीच्या गावी माणसाजवळ घर नसते, तसबिरी असतात. अप्पांची अशीच एक जुनी तसबीर घेऊन गेल्या दिवाळीपूर्वी मी सेक्टर १७ मध्ये गेलो. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यातल्या त्या चौकात वाहनांना मज्जाव आहे. गिलाव्यावाचून उभ्या असलेल्या काँक्रीटच्या खांबांमागे दुकानांची रांग. दुकानदाराने तसबीर खास शाईने कागदावर उलटी छापली, तो कागद पांढऱ्या मगाला गुंडाळला आणि यंत्रात तापवला. सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेत शाईतला रंग द्रव न होता थेट वायुरूप होतो आणि मगावरच्या लेपात शिरतो. म्हणून तो धुतल्याने जात नाही. काही मिनिटांतच अप्पा मगावर आले.

मग आईला साताऱ्यास पाठवला. दिवाळीनंतर दूरध्वनीवर विचारले, ‘‘चहा घेतेस ना त्यातून?’’

‘‘अरे, त्यांना उष्टे करू का मी?’’

मी वरमलो. माझ्या लेखी जी तसबीर होती, ते तिच्या लेखी अप्पाच होते.

पुढे रजेवर घरी गेलो. मग अप्पांच्या आरामखुर्चीशेजारी, खिडकीत होता. त्यात त्यांचा चष्मा होता, फाउंटन पेन होते. आईने ते रोजच्यासारखे पुसून पुन्हा जागेवर ठेवले आणि चहाचे आधण टाकायला ती आत गेली.