उचल

आमच्या भागात माणसाची किंमत वर्षातून एकदा उघडपणे बोलली जाते. पोळा झाला की मुकादम गावोगाव फिरू लागतात आणि नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, यंदा किती उचल द्यायची याची बोलणी सुरू होतात. एकटा पुरुष असेल तर तो अर्धा कोयता. तरुण जोडीला उचल जास्त, वय झालेल्या जोडीला कमी. मुकादम वय विचारत नाही; माणूस चालताना त्याच्या गुडघ्यांकडे पाहतो. हे निरीक्षण माझे नव्हे, माझ्या चुलतभावाचे, अण्णांचे. केज तालुक्यातल्या आमच्या गावातून ते तीसएक वर्षे ऊसतोडीला गेले.

अण्णांची आठवण मी कबड्डीच्या निमित्ताने सांगत आहे. प्रो कबड्डीच्या लिलावांविषयी सुशिक्षित माणसे जे बोलतात ते मीही बोललो आहे. माणसांचा बैलबाजार, निष्ठेचा अंत वगैरे. २०१८च्या मे महिन्यात यू मुंबाने अनुप कुमारला सोडले तेव्हा तर मी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये जवळजवळ भाषणच केले होते.

ज्यांना या खेळात रस नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. हरियाणातल्या पालरा गावचा अनुप कुमार २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या पर्वापासून मुंबईच्या संघाचा कर्णधार होता. त्या पर्वात चढाईचे १५५ गुण मिळवून तो सर्वोत्तम चढाईपटू ठरला. अंतिम सामन्यात मात्र जयपूरने मुंबईला हरवले. पुढच्या वर्षी त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने बंगळुरूला ३६-३० असे नमवून विजेतेपद मिळवले. २०१६च्या मार्चमध्ये संघ तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात पोचला आणि पाटण्याकडून ३१-२८ असा, अवघ्या तीन गुणांनी हरला.

त्याचा खेळ डोळ्यांत भरणारा नव्हता. अंगावर तिघे घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत आणणारा हा गडी नव्हे. समोर सहा किंवा सात जण उभे असताना बोनस रेषेवरून पाय काढून एक गुण घेऊन शांतपणे परतणारा. हा एक-एक गुण पाहताना कंटाळा येतो आणि सामना संपल्यावर कळते की अंतर तेवढ्याच गुणांचे होते. देशाच्या संघाचाही तो कर्णधार होता. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला इराणला हरवून त्याने विश्वचषक उचलला.

त्याच वर्षी इकडे मुंबईची उतरण सुरू झाली होती. चौथ्या पर्वाआधी मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा हे दोन्ही कोपरे बंगळुरूकडे गेले. भक्कम पकड गेली की चढाईपटूचा एक-एक गुण पुरत नाही, आणि दोष दिसतो तो मात्र चढाईपटूचा. संघ त्या पर्वात उपांत्य फेरी गाठू शकला नाही, २०१७ साली बाद फेरीही नाही. सहाव्या पर्वासाठी प्रत्येक संघाला काही खेळाडू राखून ठेवण्याची मुभा होती. यू मुंबाने एकालाही राखले नाही. चौतीस वर्षांचा अनुप लिलावात आला आणि जयपूरने, म्हणजे ज्या संघाने त्याला पहिल्या अंतिम सामन्यात हरवले होते त्याच संघाने, त्याला ३० लाखांना घेतले. त्याच लिलावात मुंबईने इराणच्या फझल अत्राचलीवर १ कोटी रुपये लावले आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतले.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये हाच व्यवहार अधिक गणिती पद्धतीने होतो. तिथे उतरत्या संघाचा जुना नायक दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षांतल्या कोवळ्या मुलांवरचा पहिला हक्क घेतात. बॉस्टनने २०१३ साली पंधरा हंगाम खेळलेल्या पॉल पिअर्सला केविन गार्नेटसह ब्रुकलिनला देऊन टाकले आणि त्या हक्कांतून पुढे जो संघ उभा राहिला त्याने २०२४ साली विजेतेपद मिळवले. आपल्याकडे कबड्डीत जुन्याच्या बदल्यात असे काही हाती येत नाही. राहते ती फक्त मोकळी झालेली रक्कम. तरी हिशेब म्हणून पाहिले तर मुंबईचा निर्णय बरोबर होता, हे मला मान्य करावे लागते. सिद्धार्थने त्या पर्वात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि संघ बाद फेरीत पोचला. अर्थात पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना नेले. ज्याच्यासाठी जागा रिकामी केली तोही एका वर्षाचाच पाहुणा निघाला.

माझ्या स्टाफरूममधल्या भाषणाकडे परत येतो. ते करताना मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरलो होतो.

सन २००० साली मी बी.ए.ला होतो आणि गावच्या कबड्डी संघाचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे वही सांभाळणारा. मला खेळता कधीच आले नाही. आमच्याकडे स्पर्धा चैत्रात, यात्रेत. साखर कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या गावी परततात आणि मग जेमतेम पंधरा दिवस सराव मिळतो. अण्णा संघाचे मुख्य चढाईपटू. त्र्याण्णव ते शहाण्णव या चार वर्षांत मांजराकाठच्या चार-पाच गावांच्या यात्रा त्यांनी एकट्याच्या दमावर मारल्या होत्या. पुढे संघ हरू लागला. अण्णा तेहतिशीत होते, पण त्यांचे गुडघे तेहतीस वर्षांचे नव्हते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढण्याचे काम सहा-सहा महिने केल्यावर गुडघ्यांचे वय वेगळे मोजावे लागते. तीन वर्षे आम्ही पहिल्याच सामन्यात गारद झालो.

चौथ्या वर्षी मारुतीच्या पारावर बैठक झाली. अण्णा नव्हते, त्यांची टोळी परतायची होती. नवी पोरे घ्यायची असे ठरले. कोणी वाईट शब्द काढला नाही. उलट अण्णांविषयी सगळे इतक्या आदराने बोलले की पुढे काय होणार ते लगेच कळावे. त्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी भाऊ आणि मी शिकलेला. मी ते केले नाही. आज सांगू, उद्या सांगू असे करत यात्रेचा दिवस उजाडला.

त्या दुपारी मैदानावर अण्णा सगळ्यांच्या आधी आले होते. फक्कीची पाटी घेऊन त्यांनीच मैदान आखले. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, सगळे हाताने, दोरी न लावता. मग ते गुडघ्याला फडके बांधत बसले आणि मी वही उघडून नावे वाचली. बारा नावे. बारावे वाचून झाल्यावर मी वही मिटली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले, रागाने नव्हे, मी एखादे पान उलटायचे विसरलो असेन अशा नजरेने. मी मान खाली घातली. त्यांनी फडके सोडले, नीट घडी घालून खिशात ठेवले आणि सामना संपेपर्यंत रेषेबाहेर उभे राहिले.

आमचा संघ त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेला, पुढच्या वर्षी यात्रा जिंकला. अण्णांनी पुन्हा मैदानात पाऊल टाकले नाही. माझ्याशी बोलणे मात्र तोडले नाही. माझ्या नोकरीचे पेढे त्यांनीच गावभर वाटले. तो विषय तेवढा अठरा वर्षे निघाला नाही.

२०१८च्या त्या लिलावाच्या बातम्या दूरचित्रवाणीवर चालू होत्या तेव्हा योगायोगाने अण्णा माझ्या घरी होते. तुरीची डाळ घेऊन आले होते. मी तावातावाने म्हणालो, "पाहिलंत अण्णा? पाच पर्वं संघ वाहिला त्यानं, आणि बाजारात उभा केला." अण्णा पडद्यावरचा आकडा पाहत होते.

"तीस लाख म्हणजे?"

मी समजावून सांगितले. एका पर्वाचे मानधन, दुसऱ्याला कोटी मिळाले, याला तीस.

"कमी दिले," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पर सांगितलं तरी त्याला. तू नाही, म्हणून सांगितलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते अनुप कुमारविषयीच बोलत असावेत, असे मी स्वतःला त्या रात्री बऱ्याच वेळा सांगून पाहिले.

जयपूरने अनुपला कर्णधार केले, पण ते पर्व संपण्याआधीच, २०१८च्या डिसेंबरात, त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. निवृत्तीची बातमी वाचली त्या दिवशी मी अण्णांना फोन लावला. ते आणि वहिनी तेव्हा कोल्हापूरकडे एका फडावर होते. त्या वर्षी उचल पहिल्यापेक्षा बरीच कमी मिळाली होती आणि तरी ते गेले होते. मागे कोयत्यांचा आणि कुणाच्या तरी हाकांचा आवाज येत होता. मी बातमी सांगितली.

"गुडघा असंल," अण्णा म्हणाले. "कोणता?"

मी म्हटले, तसे काही छापून आलेले नाही.

"नसंल आलं," ते म्हणाले, आणि ट्रक लागल्याचे सांगून त्यांनी फोन ठेवला.