तिसरी हाक



तापी नदी समुद्राला मिळते तिथे आमचे हजीरा. पोलाद, खत, वायू यांचे मोठमोठे कारखाने, बंदर आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक. प्रार्थनेला येणारे पुष्कळ जण नाइट शिफ्ट संपवून तसेच येतात. एवढ्या गोंगाटात एकमेकांचे ऐकणे कठीण, असे आम्ही नेहमी म्हणतो. पण दोष नेहमी गोंगाटाचाच असतो असे नाही.

गेल्या वर्षी नवापूरकडचा एक तरुण प्रार्थनेनंतर आमच्याजवळ थांबला. म्हणाला, "मास्तर, मला रात्री झोप लागत नाही." आम्ही लगेच त्याला एक स्तोत्र सांगितले, झोपण्याआधी जपमाळ करायला सांगितली. तो "बरं" म्हणाला आणि गेला. पुढे तो यायचाच बंद झाला. दोन महिन्यांनी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा तो म्हणाला, "गावाकडं माझं लेकरू गेलं होतं, मास्तर. तेच सांगायला थांबलो होतो."

त्या रात्री आम्हाला एली आठवला. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना दरवर्षी बाळ शमुवेलाची गोष्ट सांगतो. शमुवेल ऐकणारा, एवढेच शिकवतो. पण रात्री उठून आलेल्या त्या मुलाला एलीने दोनदा परत झोपायला पाठवले होते! तिसऱ्या वेळी त्याला उमगले की, मुलाला हाक मारणारा परमेश्वर आहे. आम्हीही त्या तरुणाला झोपायलाच पाठवले होते.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने काय केले? दोघे शिष्य दुःखी होते. घडलेले सारे त्याला ठाऊक होते, तरी त्याने आधी विचारले, त्यांना पुरते बोलू दिले आणि मगच शास्त्र उलगडले. आम्ही शास्त्रापासूनच सुरुवात केली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यातही श्रोते शंका विचारतात आणि गुरू उत्तर देतात. आपल्या मराठीत प्रभूची कथा प्रश्न ऐकून घेतच सांगितली गेली आहे.

त्या दिवशी आम्ही खोलीत जमिनीवर बसलो. तो तासभर बोलला, बाळाचे नाव सांगितले, रडला. आम्ही एकही वचन म्हटले नाही. निघताना त्यानेच विचारले, "आता प्रार्थना करू या का?"

तेव्हापासून आम्ही एक साधा नेम केला आहे. कोणी बोलू लागले की मोबाइल खाली ठेवायचा, समोरच्याचे बोलणे संपले की जरा थांबायचे आणि "आणखी काही?" असे विचारायचे. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्यानंतरच बाहेर येते.

या आठवड्यात तुमच्या दाराशी कोण थांबले आहे? कदाचित ती त्याची तिसरी हाक असेल.

हे प्रभो, आमची जीभ आवर आणि आमचे कान उघड. आमेन.