पलंग नेला, सोफा ठेवला

नागपूरहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. ह्यांचं मत, जड सामान सगळं विकू, तिकडे नवं घेऊ. सासूबाईंचं मत, पाटसुद्धा मागे ठेवायचा नाही. सोफ्याची किंमत किती आणि तो न्यायला खर्च किती, हे दोघांपैकी कुणीच मांडून पाहिलं नव्हतं. मी टेप घेऊन बसले.

घरसामानाच्या ट्रकमध्ये वजनाआधी जागा संपते. मूव्हर्सच्या माणसाने १७ फुटी गाडी सुचवली होती. आतून साधारण ६ फूट रुंद, ७ फूट उंच, म्हणजे ७१४ घनफूट. पॅकिंग, चढ-उतार आणि जीएसटी धरून भाडं ५०,००० रुपयांच्या घरात. आमचा तीन जणांचा सोफा ७ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट उंच भरला, म्हणजे ६३ घनफूट. त्याच्या वाट्याला सुमारे ४,४०० रुपये येत होते. नवा सोफा त्याच्या पाच-सहा पट. म्हणजे न्यावा, असंच कागद सांगत होता.

पण भाडं घनफुटागणिक वाढत नाही, गाडीगणिक वाढतं. १७ फुटीच्या खालची गाडी १४ फुटी, आतून ५०० घनफुटांच्या आसपास, आणि भाडं ११,००० रुपयांनी कमी. सोफासेट दोन्ही खुर्च्यांसह ११७ घनफूट, प्लायसारखा दिसणारा भुशाचा वॉर्डरोब ७०. एवढं वगळलं की बाकीचं घर लहान गाडीत बसत होतं. म्हणजे प्रश्न सुटा सोफा न्यायचा का, हा नव्हताच. या दोन वस्तूंसाठी मोठी गाडी करायची का, हा होता.

वॉर्डरोबचा निकाल लगेच लागला. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी. तिच्यातला स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा तसा घट्ट बसत नाही. अख्खा न्यावा तर जिन्यातून उतरत नाही, सोडवून न्यावा तर तिकडे डुगडुगतो. शिवाय बेंगळुरूच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं होतीच. मी घरमालकांकडून आराखडा आधीच मागवला होता. दारांची रुंदी, लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, सगळी मापं. असं हलवायची वेळ आलेल्या प्रत्येकाने ही मापं मागवावीत, असं मी आग्रहाने सांगेन.

खरा जीव अडकला होता तो सासऱ्यांनी करवून घेतलेल्या सागवानी पलंगात आणि त्यांच्या लिहायच्या टेबलात. लाकूड चंद्रपूरकडचं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली जे सागवान गेलं, तेही त्याच भागातलं, बल्लारपूरचं. जुनं सामान घेणारा पलंगाचे ६,००० रुपये देत होता. आमच्या नेहमीच्या सुताराने खाली वाकून सांधे पाहिले आणि म्हणाला, “ताई, हा पलंग कायले विकून राहिल्या? नुसतं लाकूडच सहा घनफूट आहे याच्यात.” त्याने सांगितलेल्या भावाने लाकडाचेच २४,००० झाले असते, मजुरी वेगळी. आणि त्याच्या चारही कोपऱ्यांना गोंद नव्हता, बोल्ट होते. अर्ध्या तासात पाय, बाजूपट्ट्या आणि फळ्या वेगळ्या झाल्या. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना आतून खडूने एकच आकडा लिहिला, बोल्ट डब्यात घातले. एवढा मोठा पलंग, पण भिंतीला लावून उभा केल्यावर त्याला जागा लागली जेमतेम वॉर्डरोबच्या चौथाईची. कुठल्याशा जंगलात काही दशकं उभं राहिलेलं झाड ६,००० रुपयांना देऊन भुशाच्या फळ्या विकत घ्यायच्या, हे मला मनापासून अन्यायाचं वाटत होतं. आकड्यांनीही तेच सांगितलं, याचा आनंद झाला.

दुसऱ्याच्या सामानाबरोबर वाटून गाडी केली तर आणखी स्वस्त पडलं असतं. पण त्यात माल मधल्या गोदामात उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. जुन्या पॉलिशला ती जादा चढ-उतार नको, म्हणून पूर्ण गाडीच घेतली. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, तरी वस्तूंची सही केलेली यादी ड्रायव्हरजवळ दिली. आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल करत जवळजवळ १,१०० किलोमीटर.

सोफासेट शेजारच्या गल्लीतल्या अभ्यासिकेला दिला. सासूबाई सुरुवातीला गप्प होत्या, मग मुलं त्यावर बसून वाचतात हे बघून आल्या आणि म्हणाल्या, “बरं केलंस गं.”

बेंगळुरूच्या पावसाळ्यात टेबलाचे खण अडकू लागले. नागपूरच्या कोरड्या हवेत सुकलेलं लाकूड इथल्या दमट हवेत आडवं फुगतं. उभ्या रेषेत त्याची लांबी फारशी बदलत नाही. इथल्या सुताराला रंधा मारायचा होता. मी त्याला म्हटलं, हिवाळ्यापर्यंत थांबू या, आत्ता छिललं तर उन्हाळ्यात खण ढिले होतील. तोवर कडांना मेणबत्ती घासली. जानेवारीत खण हाताने सरकायला लागले. सोफ्याच्या जागी तूर्त वेताच्या दोन खुर्च्या आणि एक सतरंजी आहे. नवा सोफा घ्यायचा तर सांध्यांना बोल्ट असलेलाच घेऊ, एवढं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं आहे.