तिचे तीन तास

'शाळेत काय केलंस?' या प्रश्नाला साडेतीन वर्षांच्या माणसांकडे एकच उत्तर असतं: काही नाही. प्रश्न बदलून पाहावा. गाणं कुठलं म्हटलंत? माहीत नाही. शेजारी कोण बसलं होतं? कोणीच नाही. डबा कोणाबरोबर खाल्लास? एकटीनेच. हे सगळं खरं मानलं तर आमची लेक रोज नऊ ते बारा एका रिकाम्या खोलीत गप्प बसून असते आणि हातावर चांदणीचा शिक्का, बाहीला वाळलेला फेव्हिकॉल घेऊन घरी येते. कधीतरी आपणहून माहिती मिळते ती अशी, की आज शाळेत हत्ती आला होता. हत्ती चित्रातला, पुठ्ठ्याचा की वर्गाच्या दारातून आत शिरलेला, याचा खुलासा होत नाही. फार खोदून विचारलं तर, 'बाबा, तुला नाही कळत.'

खरंच कळत नाही, आणि तेच नवं आहे. जूनच्या मध्यापर्यंत तिच्या दिवसातलं आम्हाला ठाऊक नाही असं काही नव्हतं. किती घास खाल्ले, दुपारी किती झोपली, गुडघा कशाने खरचटला, याची इत्थंभूत खबर आम्हा दोघांपैकी कोणाकडे तरी किंवा माझ्या आईकडे असायची. आता रोजचे तीन तास असे आहेत की ते फक्त तिचे आहेत.

तशी तयारी आम्ही पुष्कळ केली होती. 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होतात ना, हा हिशेब झाला. माध्यमावरून नातेवाइकांत जे व्हायचं ते झालं; त्याबद्दल इथे लिहीत नाही, कारण त्यात कोणाचंही मत बदललं नाही. शाळेने खाऊचं वेळापत्रक दिलं: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी पोहे नाहीतर उपमा, गुरुवारी थालीपीठ, शुक्रवारी फळं, आणि तळाशी ठळक अक्षरांत, बिस्किटं आणि चिप्स चालणार नाहीत. बायकोने डबा, बाटली, नॅपकिन, रेनकोट, जादा कपड्यांची पिशवी, सगळ्यांवर मार्करने नाव घातलं. वस्तूंवर आपलं नाव असतं ही गोष्ट लेकीला इतकी आवडली की तिने चमच्यावरही घालायला लावलं. वाचता कुठलंच येत नव्हतं, पण बोट फिरवून दाखवायची, 'ही मी.'

शाळा बघत फिरताना एक मोठी, चकचकीत शाळा पाहिली होती. तिथल्या बाईंनी वर्ग दाखवण्याआधी मोबाइल दाखवला. प्रत्येक वर्गात कॅमेरा आणि पालकांसाठी ॲप. 'तुम्ही ऑफिसातून कधीही बघू शकता, सर.' पडद्यावर वरून दिसणारी लहान लहान डोकी होती. बहुतेक गोल करून बसली होती. एक मुलगा मात्र त्यांच्यापासून लांब, भिंतीला लागून एक गाडी पुढे नेत होता, मागे आणत होता. तो रुसला होता, की त्याला ते मनापासून आवडत होतं, वरून काही कळत नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिलो. मग मनात आलं, मी या मुलाचा कोण? त्याच्या आईवडिलांनी आपल्या मुलाला बघायची परवानगी घेतली असेल. मला ती कोणी दिली? आणि उद्या आमची लेक त्या भिंतीशी असेल तेव्हा आणखी कोणाकोणाच्या ऑफिसात दिसेल?

आम्ही घराजवळची, चालत जाता येईल अशी दुसरी शाळा घेतली. तिथली रीत उलटी. पहिले काही दिवस आजीने वर्गात बसायचं, मग व्हरांड्यात, मग पायरीवर, आणि एका सोमवारी फाटकाबाहेर. ताई म्हणाल्या, 'रडेल. रडू दे. तुमच्यासमोर जास्त रडेल.' तसंच झालं. पावसात छत्र्या धरून फाटकाशी उभे असलेले आम्ही पालक आतल्या रडण्यातून आपापला आवाज ओळखायची धडपड करत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्याच मुलाचा आहे. तिथले रिक्षाकाका या सगळ्याला सरावलेले. 'आठ दिवस, साहेब. मग घरी यायला रडतात.'

या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर हल्ली कॅमेऱ्याची आणि ॲपची मागणी सुरू झाली आहे. मागणीला हसण्यासारखं त्यात काही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. लोक रुळांवर उतरले, आमच्या मध्य रेल्वेच्या लोकल तिथे कित्येक तास अडकल्या, आणि त्यानंतर सरकारने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. आमची लेक तेव्हा नुकती धावायला लागली होती. ठाण्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या गर्दीत त्या दिवशी चिडचिड कमी आणि मोबाइलमध्ये खुपसलेली डोकी जास्त होती. आईबाप असलेले लगेच ओळखू येत होते. त्यामुळे शाळेत कॅमेरे असावेत, चित्रण जपून ठेवावं आणि गरज पडली की ते तपासता यावं, याला माझा काडीचाही विरोध नाही. पण तोच कॅमेरा तीसचाळीस पालकांच्या खिशात सतत चालू ठेवायचा, ही निराळी मागणी आहे. पहिल्यात मुलाचं रक्षण आहे. दुसऱ्यात माझी हुरहूर भागते, एवढंच.

बघण्याला माझी हरकत नाही. उलट, बालशिक्षणात बघण्याइतकं महत्त्व दुसऱ्या कशाला क्वचितच असेल. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी भावनगरला माँटेसोरीच्या पद्धतीला आपल्याकडचं रूप दिलं, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि त्या सगळ्या पद्धतीत शिक्षकाचं मोठं काम कुठलं, तर बघायचं. मूल काय उचलतं, किती वेळ त्यात रमतं, कुठे अडतं, हे लक्ष ठेवून बघायचं आणि उगाच मध्ये पडायचं नाही. मग ताईंनी बघितलेलं चालतं आणि बापाने बघितलेलं का नाही? लोकलमध्ये उभ्याने जाताना यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. ताई त्याच जमिनीवर बसलेल्या असतात. आपल्याला कोण बघतंय हे मुलाला ठाऊक असतं. त्याला उलटं त्यांच्याकडे बघता येतं, हाक मारता येते, नको असेल तर पाठ फिरवता येते. छताच्या कोपऱ्यातल्या भिंगाकडे पाठ फिरवता येत नाही.

हे मी जेवताना आईला सांगितलं. तिला माझी तत्त्वं ऐकून घ्यायची सवय आहे. तिचं म्हणणं, पूर्वी आळीतली बालवाडी कोणाच्या तरी ओसरीवर भरायची आणि जाता-येता सगळे बघायचे, कुठे कोणाचं बिघडलं? तिच्या बाजूने इतिहासही आहे. ताराबाई 1945 मध्ये शहर सोडून बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. वारल्यांची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यांवर गेली आणि घरांपुढच्या अंगणात भरू लागली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात गेली. हे काम 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर हललं. आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाड्याच म्हटलं गेलं. अंगणात भरणाऱ्या शाळेला फाटक कुठलं? आया, आज्या बघणारच, आणि बघता बघता एखादी नाक पुसायला पुढेही होणार.

'मग?' आई म्हणाली.

मग एवढंच, की त्या आज्यांना मुलं बघत होती. आईला हे पटलं की नाही ते कळलं नाही. तिने आमटी वाढली.

लेकीच्या शाळेची खरी बातमी मला मिळते ती संध्याकाळी, दिवाणाखाली. तिथे तिचा वर्ग भरतो. एक अस्वल, दोन बाहुल्या, आईचा चष्म्याचा डबा आणि एक उशी असे विद्यार्थी. 'कोणाला शू लागलीय? हात वर करा.' आवाज हुबेहूब ताईंचा, मान वेळावणंसुद्धा. चष्म्याचा डबा हल्ली डबा संपवत नाही म्हणून त्याला समजावणं चालू असतं. उशी रडते, तिला मांडीवर घेऊन सांगितलं जातं, 'बाबा येणारे हं बारा वाजता.' बाराला आणायला आई जाते, मी त्या वेळी दादरला असतो. तिने मला तिथे का उभं केलं असेल, कोण जाणे. एकदा मी दाराशी उभा राहून ऐकत होतो तर तिने मान बाहेर काढून सरळ सांगितलं, 'पालकांनी आत नाही यायचं.'

शनिवारी पालकसभा आहे. मी आणि बायकोने मिळून एक पत्र लिहिलं आहे. मुलींच्या स्वच्छतागृहापाशी पूर्ण वेळ बाईमाणूस असावं, वर्गांच्या दारांना काच बसवावी, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची नोंद व्हावी, चित्रण शाळेने सांभाळावं, आणि ॲप मात्र घेऊ नये. चार-पाच जणांनी सह्या करू म्हटलं आहे. गटावर दोघांनी मला आडून 'तुम्हाला काळजी नाही वाटत का?' असं विचारलंही आहे. रात्री पत्र आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा शोधला, तो डब्यात नव्हता, डबा वर्गात होता. मग म्हणाली, सही करते, पण आणखी एक ओळ घाल. महिन्यातून एकदा आज्या-आजोबांना आत बोलवा, गोष्ट सांगायला. समोर बसून बघू की आम्ही, चोरून कशाला?

ती ओळ मी ॲपच्या मुद्द्याच्या वर घातली आहे.