बदलू नये

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात दुपारी चार वाजता नेट जायचं. रोज नाही, अधूनमधून. पण गेलं की नेमकं चारच्या सुमारासच जायचं आणि अर्ध्यापाऊण तासाने आपलं आपण परत यायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? दुपारी चार ही चहाची वेळ, नेटची नव्हे. पण माझी सून पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करते आणि तिची रोजची मीटिंग बरोबर चारला असते. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे थिजायचे, मग तीच बाहेर फेकली जायची. दोन वेळा साहेबांनी समजून घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "घरून जमत नसेल तर पुण्याला येऊन राहा." इथे पाच वर्षांची नात, मी अशी गुडघ्यांनी जेरीला आलेली आणि मुलाची मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीची नोकरी. पुण्याला जाणार कोण आणि कसं?

कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावलं. तो यायचा सकाळी अकराला. तेव्हा नेट अगदी गुणी बाळासारखं चालायचं. "लाइन बरोबर आहे, मावशी," म्हणून चहा पिऊन तो जायचा.

मग मी माझ्या परीने शोध लावला. शेजारच्या बेनचा मुलगा अकरावीत आहे. आमच्या ह्यांनी त्याला अभ्यासासाठी आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. मुलगा शाळेतून घरी येतो पावणेचारला. आमचं नेट जातं चारला. मला वाटलं, झालं, चोर सापडला! हा सिनेमे उतरवून घेत असणार आणि आमचं सगळं नेट ओढून घेत असणार. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी एका बुधवारी तावातावाने जिन्यात जाऊन त्याच्या आईला बोलले. वर राहणाऱ्या दोघीजणी ऐकत होत्या. बेन काही बोलल्या नाहीत. मुलगा दाराआड उभा होता, एवढं मात्र मला दिसलं. त्या दिवसापासून त्याने आमच्याकडे येणं बंद केलं. तोवर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तोच आणून द्यायचा.

त्याचा फोन वायफायवरून काढून टाकला, पासवर्डही बदलला. आणि शुक्रवारी चारला नेट पुन्हा गेलं.

हे जाऊन तीन वर्षं झाली. ह्यांना यंत्रांचा भारी नाद. निवृत्तीनंतर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि घरातल्या संगणकाला छळायचं, हा उद्योग. ही लायब्ररी सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केली आणि तिची घडी बसवायला विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. "महाराजांनी अमेरिकेतून माणूस आणला, मी निदान पुस्तक तरी आणतो," असं हे म्हणायचे. जे वाचलं ते एका लांबट वहीत टिपून ठेवायचे. ती वही मी कपाटातून काढली. सून वाढली बडोद्यातच, पण शाळा इंग्रजी. ह्यांचं किरटं मराठी अक्षर तिला लागेना. म्हणून मी वाचत गेले आणि ती टंकत गेली. सासू-सुनेने एका जागी बसून केलेलं काम म्हणजे आजवर दिवाळीचा फराळ. त्यात ही भर पडली.

वहीत वरच लिहिलं होतं, "नेट गेलं की आधी कोणालाही शिव्या देऊ नये. आधी स्वतः, मग घर, मग गाव, मग जग, या क्रमाने विचारत जावं." पहिलं वाक्य वाचताना माझा आवाज जरा खाली गेला.

हे विचारायचं एका काळ्या खिडकीत. संगणकावर शोधायच्या जागी सीएमडी अशी तीन अक्षरं लिहून एन्टर दाबलं की ती उघडते. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, संगणकाने उत्तर द्यायचं. मला तर हे पत्रव्यवहारासारखं वाटलं आणि बरं वाटलं.

पहिली आज्ञा आयपीकॉन्फिग. संगणकाचा घरातला पत्ता काय, ते ती सांगते. असे पत्ते १९२.१६८ ने सुरू होताना दिसतात, कारण हे आकडे खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. तुमच्याही घरात तेच, आमच्याही घरात तेच. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते प्रत्येक यंत्राला पुरणार नाहीत हे ओळखून ही सोय १९९० च्या दशकात केली गेली. पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर समजावं की राउटरने आपल्याला पत्ताच दिला नाही. दोष तिथेच शोधावा. सुनेच्या लॅपटॉपचा पत्ता निघाला १९२.१६८.१.५. म्हणजे पत्ता होता.

दुसरी आज्ञा पिंग. ही मला सगळ्यांत आवडली. विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते आपण कानाने ओळखतो ना, तसंच. पिंग लिहून पुढे पत्ता लिहिला की संगणक तिकडे चार छोटी पाकिटं पाठवतो आणि प्रत्येकाचं उत्तर किती वेळात आलं ते सांगतो. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ च्या डिसेंबरात हा प्रोग्राम लिहिला, तोही त्याच्या जागचं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून! पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवलं. म्यूस २००० साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याचं पिंग मात्र घरोघरच्या संगणकांत आहे.

पिंग कोणाकोणाला करायचं, त्याचा क्रम वहीत होता. १२७.०.०.१ म्हणजे आपण स्वतः. इथून उत्तर आलं नाही तर रोग आपल्याच यंत्रात. मग १९२.१६८.१.१ म्हणजे आमचा राउटर, घराचा उंबरठा. मग ८.८.८.८, हा गूगलचा पत्ता, म्हणजे बाहेरचं जग. आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचं नाव. आकड्यांकडून उत्तर येतं आणि नावाकडून येत नाही, असं झालं तर रस्ता ठीक आहे, पण नावावरून पत्ता सांगणारी डिरेक्टरी बिघडली आहे. ती तपासायला एनएसलुकअप ही आज्ञा. आणि बाहेर पडल्यावर वाटेत कुठे अडतंय हे पाहायचं तर ट्रेसर्ट. मुंबईहून बेळगावला येताना मधली स्टेशनं मोजावीत, तशी ती मधले टप्पे एकाखाली एक मांडते. एखाद्या टप्प्यापुढे नुसत्या चांदण्या आल्या तर घाबरू नये. काही स्टेशनमास्तर उत्तरच देत नाहीत, पण गाडी पुढे जाते.

सगळं वाचून झालं तेव्हा रविवार होता आणि नेट ठणठणीत होतं. सुनेने कॅलेंडर काढलं. मीटिंग तुटलेल्या तारखांवर तिने खुणा केल्या होत्याच. बघता बघता ती म्हणाली, "आई, हे पाहा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मंगळवारी आणि गुरुवारी एकदासुद्धा नाही."

शेजारचा मुलगा मंगळवारीही पावणेचारलाच घरी येतो. हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलंही असेल, पण मी गप्प बसले.

सोमवारी चारला पाच कमी असताना सून लॅपटॉपसमोर आणि मी ह्यांच्या जुन्या संगणकासमोर बसलो. हा संगणक राउटरला वायरने जोडलेला आहे. मी निवृत्त शिक्षिका. बडोद्यात मराठी घरं पुष्कळ, पण मुलं शिकतात इंग्रजीत नाहीतर गुजरातीत. अशी सातआठ मुलं आठवड्यातून तीन दिवस पाच वाजता माझ्याकडे मराठी लिहायवाचायला येतात. त्यांचे स्वाध्याय मी चारच्या सुमाराला छापून ठेवते. त्या दिवशीही सवयीने मी प्रिंटरचं बटण दाबलं.

दोन मिनिटांत आतून हाक आली, "गेलं!"

सुनेने राउटरला पिंग केलं. चारांतलं एक उत्तर आलं, तीन नाही. मी माझ्याकडून तेच केलं, तर चारही उत्तरं आली. मी ८.८.८.८ ला विचारलं; तिथूनही चारही आली. म्हणजे कंपनीची लाइन चालू, राउटर चालू, बाहेरचं जग चालू. बिघाड घरातच आणि तोही एकट्या सुनेच्या लॅपटॉपला. कंपनीचा माणूस बिचारा खरंच सांगत होता.

वहीत आणखी एक आज्ञा होती, एआरपी आणि पुढे आडवी रेघ देऊन ए. कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र राहतं, याची यादी ती दाखवते. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक लांबलचक ओळखक्रमांक मिळालेला असतो. सुनेने लॅपटॉपचा क्रमांक मोठ्याने वाचला. माझ्या पडद्यावर १९२.१६८.१.५ समोर भलताच क्रमांक होता! एकाच पत्त्यावर दोघं राहत होते. एका गल्लीत एकाच नावाचे दोन देशपांडे असले की पोस्टमन कधी ह्यांची मनीऑर्डर त्यांना देतो, कधी त्यांचं पत्र ह्यांना. तसंच राउटरचं चाललं होतं. सुनेची निम्मी पाकिटं दुसऱ्याच कोणाच्या दारात पडत होती.

दुसरा कोण? सुनेने नजर फिरवली आणि सरळ प्रिंटरशी गेली. त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक छापलेला होता. तिने प्रिंटर बंद केला. तिचं पिंग चारांत चार आलं. पुन्हा लावला, पुन्हा पाकिटं हरवली.

चोर मीच होते. मराठीच्या तासासाठी मीच रोज सुनेचं नेट तोडत होते.

हे का झालं, तेही वहीनेच सांगितलं. शेवटच्या पानावर घरातल्या यंत्रांची यादी होती. त्यात एक ओळ लाल शाईने अधोरेखित केलेली, "प्रिंटर – १९२.१६८.१.५ – बदलू नये." प्रिंटर चटकन सापडावा म्हणून ह्यांनी त्याला हा पत्ता कायमचा देऊन ठेवला होता आणि राउटरला सांगितलं होतं की बाकीच्यांना पत्ते १०० च्या पुढचे वाट. मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा तो राउटर जळाला. नवा आला तो २ पासून पत्ते वाटू लागला. त्याला काय ठाऊक, की पाचव्या घरात आधीच कोणीतरी राहतं! प्रिंटर आठवड्यातून तीनदाच, तेही तासाभरासाठी जागा व्हायचा. एरवी घर मोकळंच दिसायचं.

"प्रिंटरचा पत्ता बदलला की झालं," मी म्हटलं. सोपं तेच होतं. पण सून वहीतल्या त्या लाल रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको आई. बाबांनी लिहिलंय ना. आपण दुसऱ्यांना हलवू." तिने राउटरचं पान उघडलं आणि ५ हा पत्ता प्रिंटरच्या नावाने राखून ठेवला. लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर आजपर्यंत एकही मीटिंग तुटलेली नाही आणि पुण्याचा विषयही पुन्हा निघाला नाही.

एक काम मात्र कोणत्याही आज्ञेने होणारं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी शेजारी गेले. जिन्यात बोलले होते, म्हणून जिन्यातच उभं राहून बोलले, वरच्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात. चूक माझी होती, तुमच्या मुलाची नव्हती, असं म्हटलं. बेन म्हणाल्या, "कंई वांधो नहीं, मासी," आणि मला आत ओढून बसवलं. मुलगा पुस्तकातून मान वर काढेना. मी नवा पासवर्ड लिहिलेला कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि आले.

आठवडाभर तो आला नाही. त्याला हक्क होता. मग एका दुपारी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मासी, दादांची ती वही मला दाखवाल?" मराठी त्याला वाचता येत नाही. मी म्हटलं, सोमवारी पाचला ये. आता तो त्या मुलांत शेवटच्या रांगेत बसून बाराखडी गिरवतो आणि मुलं गेली की ह्यांच्या वहीतली एकेक ओळ अडखळत लावतो. पहिलं वाक्य त्याला आता नीट वाचता येतं. ते वाचताना तो माझ्याकडे बघून हसतो, आणि मीही हसते.