बिनपाण्याची

मागच्या हिवाळ्यात माझ्या मानेवर बारीक लाल पुटकुळ्या उठायला लागल्या. शर्टाची कॉलर लागली की आग व्हायची. आधी वाटलं घामोळ्या असतील, पण कडाक्याच्या थंडीत घामोळ्या कुठून येणार? शेवटी एका रविवारी शेगावला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मान वळवून बघितली आणि विचारलं, "दाढी कशानं करता?"

मी जरा ऐटीतच पाच पात्यांच्या रेझरचं नाव सांगितलं. चार मुंडक्यांच्या पाकिटाला पाचशेच्या आसपास मोजतो मी. डॉक्टर हसले. म्हणाले, "सर, एकाच केसावरून पाच पाती फिरतात. पहिलं पातं केस ओढतं, पुढचं त्याला कातडीच्या खालून कापतं. मग तो केस वाढताना आतल्या आतच वळतो. तुम्ही एका पात्यावर या."

एका पात्यावर यायचं म्हणजे अब्बांच्या पेटीकडे जायचं, हे मला तिथंच कळलं होतं. पण पेटी उघडायला आणखी दोन आठवडे लागले. का, ते पुढं सांगतो.

आमचे अब्बा शिंपीकाम करायचे. वरवट बकालच्या बाजारात एक मशीन टाकता येईल एवढी जागा होती. त्यांना दाढी होती आणि आजही आहे. ज्यांना वाटतं की दाढी ठेवणाऱ्याला वस्तऱ्याचं काय काम, त्यांच्यासाठी सांगतो : दाढी ठेवणाऱ्यालाच तो जास्त लागतो. गालावरची आणि गळ्यावरची कड नीट काढावी लागते. तिला आम्ही 'खत काढणं' म्हणतो. खत म्हणजे रेघ, आणि अक्षरही. खत वाकडं गेलं तर आठवडाभर सगळं गाव वाचतं. म्हणून दर जुम्माला नमाजीच्या आधी अब्बा अंगणात खाटेवर बसायचे. समोर खिडकीच्या गजाला ऐना, हातात ब्रश.

शिंप्याच्या घरात ब्लेड वाया जात नाही. नवं ब्लेड आधी अब्बांच्या खतासाठी. तीन-चार जुम्मे झाले की ते मशीनच्या खणात जायचं, शिवण उसवायला. तिथंही बोथट झालं की अब्बा ते कागदात धरून मधोमध मोडायचे आणि अर्धं आम्हाला पेन्सिलीला टोक करायला मिळायचं. माझ्या वयाच्या लोकांच्या बोटांवर त्या अर्ध्या ब्लेडच्या खुणा अजून सापडतील. आज गावातले सलूनवालेही तसंच अर्धं ब्लेड मोडून वस्तऱ्याच्या दांड्यात सरकवतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून देतात. पूर्वीचा चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा वस्तरा आता दिसत नाही.

तर पेटी उघडली. तीन तुकड्यांचा पितळी रेझर, वरचा मुलामा उडालेला. ब्रशचे केस निम्मे गळालेले. ॲल्युमिनियमची वाटी, आणि तुरटीचा एक खडा, झिजून साबणाच्या चिपटीसारखा झालेला. हा रेझर दिसतो तितका साधा नाही. वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये ब्लेड किंचित वाकून बसतं, त्या वाकण्यामुळे ते थरथरत नाही, आणि धार कातडीला जेमतेम टेकेल एवढीच बाहेर राहते. ही युक्ती किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याची. धार लावायची गरजच नाही, बोथट झालं की पातं बदला, असा त्याचा विचार. १९०३ साली विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. १९०४ साली पेटंट मिळालं आणि खप हजारोंवर गेला. त्यानंतर सव्वाशे वर्षं होत आली, रचना जवळपास तीच आहे. आमच्या बाजारातल्या जुन्या किराणा दुकानात पाच ब्लेडचं पाकीट वीस रुपयांना मिळालं. दुकानदारानं विचारलं, "मास्तर, उसवायला का?"

पहिल्या दिवशी मी स्वतःची दाढी नाही, कत्तल केली. जुनी सवय दाबायची. हनुवटीवर दोन, गळ्यावर तीन ठिकाणी रक्त. वर्गात एका पोरानं विचारलंच, "सर, मांजरीनं बोचकारलं का?"

पण खरी अडचण वेगळीच होती. फेसच होत नव्हता. ब्रश नवा आणला, साबण चांगला आणला, मनगट दुखेपर्यंत घोळला. वाटीत नुसता पांढरा चोथा. दोन मिनिटांत गालावर वाळून जायचा. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून हा पट्टा जातो आणि आमच्या संग्रामपूर तालुक्यातल्या विहिरी-बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यातले क्षार साबणाला धरतात आणि फेसाऐवजी चोथा बनवतात. या पाण्यानं आमच्याकडे किडनीची दुखणी झाली, माणसं गेली, त्यापुढे दाढीचं दुखणं ते काय. पण डब्यातून फुसकन निघणारा तयार फेस वापरून वापरून मी हे विसरूनच गेलो होतो की आपलं पाणी फेस करत नाही.

अम्मी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "बोअर के पानी से क्या होता? तेरे अब्बा पीने के हंडे में से एक गिलास लेते थे. मैं रोज चिल्लाती थी."

तेव्हा आठवलं. पिण्याचा हंडा लांबून यायचा, अम्मीच्या डोक्यावर. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली ती फार नंतर. त्या हंड्यातला एक पेला दाढीसाठी घेणं ही अब्बांची एकमेव चैन होती आणि त्यावरून दर जुम्माला भांडण ठरलेलं. पण त्या एका पेल्यात ते सगळं बसवायचे : ब्रश भिजवणं, फेस, रेझर खळबळणं, शेवटी तुरटी ओली करणं. उरलेलं पाणी तुळशीएवढ्या एका पुदिन्याच्या रोपाला. वुजू करताना पाणी वाया घालवू नये, वाहत्या नदीकाठी असलात तरी, हे आम्हाला लहानपणीच शिकवलं जातं. अब्बांकडे नदी नव्हती, पेला होता.

मराठीत एखाद्याची खरडपट्टी काढली की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्यानं केली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे अशा शब्दांवर मुलांना थांबवतो. हजामत हा शब्द अरबीतल्या 'हिजामा'वरून आलेला. हिजामा म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणं. ते काम करणारा तो हज्जाम. फारसी 'उस्तुरा' मराठीत येऊन वस्तरा झाला, 'आईना' ऐना झाला. बाराव्या शतकापासून कोणी काय आणलं यावर माणसं भांडतात, पण खिडकीच्या गजाला अडकवलेल्या त्या एका सामानात दोन्ही भाषा निवांत नांदत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वानचं पाणी पेलाभर घेतलं, कोमट केलं. ब्रश दोन मिनिटं भिजत ठेवला, झटकला, साबणावर फिरवला. आणि फेस आला. दाट, सायीसारखा, ब्रश उचलला की टोक उभं राहील असा. मग केस कुठल्या बाजूला वाढतात ते बोटानं चाचपलं. गालावर खाली, पण गळ्याच्या डाव्या बाजूला आडवे. चाळीस वर्षं ही मान माझ्याकडे आहे आणि मला ठाऊक नव्हतं. रेझर साधारण तीस अंशांत धरायचा, हात हलका, त्याच्या वजनानंच त्याला उतरू द्यायचं. केस कापला जाताना बारीक करकर ऐकू येते. पंखा बंद असेल तरच. एकदा वरून खाली, पुन्हा फेस, मग आडवं. गार पाणी, तुरटीची चुणचुण. बारा मिनिटं लागली. महिन्याभरात पुटकुळ्या गेल्या.

आता या बारा मिनिटांचंच सांगायचं आहे. पाच पात्यांचा रेझर मी आंघोळ करता करता, ऐना न बघताच वापरायचो. आता बारा मिनिटं स्वतःच्या तोंडाकडे बघावं लागतं. आणि चाळिशीनंतर माझं तोंड अब्बांसारखं झालंय. दाढी नसलेल्या अब्बांसारखं. तसे अब्बा मी आयुष्यात एकदाच बघितले आहेत.

जानेवारी १९९३. मी बारा वर्षांचा होतो. मुंबई पेटली होती. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं मारली गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आम्हाला नंतर कळला. तेव्हा फक्त रेडिओ होता आणि अफवा. माझी फुफी मुंबईत, फुफा आखातात नोकरीला, पदरात दोन लेकरं. अब्बांनी तिला आणायला जायचं ठरवलं. शेगावपर्यंत एसटी, तिथून रेल्वे. निघायच्या दिवशी पहाटे मला जाग आली तर अंगणात कंदील होता. जुम्मा नव्हता. अब्बा खत काढत नव्हते, सगळी दाढी काढत होते. अम्मी पेला धरून उभी होती आणि त्या दिवशी पाण्यावरून काही बोलत नव्हती. अब्बांनी तोंड पुसलं आणि वळले. हनुवटी पांढरी, लहान, परक्या माणसाची. मी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

दहाव्या दिवशी ते फुफीला आणि लेकरांना घेऊन आले. दाढीही हळूहळू परत आली. घरात कोणी विषय काढला नाही. मी मात्र दाढी कधी ठेवली नाही. बी.एड.च्या काळात मित्रांनी विचारलं, मशिदीत वडीलधारी अजूनही प्रेमानं टोकतात, "मास्तर, सुन्नत कधी?" मी हसून वेळ मारून नेतो. इथं मसला सांगायचा माझा अधिकार नाही, आणि हा माझा उणेपणा म्हणून कोणी सांगितलं तर मी वाद घालणार नाही. पण खरं कारण ती पहाट. जी गोष्ट एक दिवस भीतीनं काढून टाकावी लागेल ती ठेवायचीच कशाला, असं बारा वर्षांच्या पोरानं गोधडीत ठरवलं होतं.

वस्तरा तोच, पण तो कोणाच्या मर्जीनं चालतो यावर सगळं असतं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा घेतली आणि ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. पोट त्याच वस्तऱ्यावर होतं, तरी ठरवलं. हा प्रसंग वर्गात सांगताना मला दर वेळी अब्बांचा कंदील आठवायचा. वाटायचं, अब्बांच्या बाजूनं तेव्हा कोणी 'नाही' म्हणालं नाही.

अब्बांचं वय आता ऐंशीला टेकलंय. हात कापतो. सलूनपर्यंत जाणं होत नाही. त्यांचं खत सहा महिन्यांपासून मी काढतो, त्यांच्याच रेझरनं. गेल्या रमजानच्या आधीच्या जुम्माला मी गालावर फेस लावत होतो. त्यांनी डोळे मिटले होते. मी एकदाचं विचारलं, "अब्बा, उस दिन बुरा लगा था?"

कुठला दिवस, हे त्यांनी विचारलं नाही. तोंडावर फेस होता म्हणून ओठ कमी हलवत बोलले, "बहन को लाना था ना. दाढी का क्या, फिर आ जाती."

एवढंच. मग म्हणाले, "कान के पास आहिस्ता."

मी तीस वर्षं जिला हार समजत होतो, तिला ते काम समजत होते. भीती नव्हती असं नाही; अम्मी सांगते, प्रवासभर जेवले नव्हते. पण त्यांनी हिशेब केला होता : काय परत येतं आणि काय येत नाही. म्हणून काही ती पहाट चांगली ठरत नाही. कुठल्याही बापाला बहिणीला आणायला जाताना कंदिलात दाढी काढावी लागू नये. पण त्या ऐन्यातला माणूस मला वाटला तेवढा लहान नव्हता.

थोरला आता सोळाचा आहे, ओठांवर लव काळी व्हायला लागलीय. शुक्रवारी तो खाटेच्या पायथ्याशी येऊन बसतो आणि फेस घोळायचं काम मागतो. त्याला म्हटलं, पुढं ठेव किंवा काढ, तू ठरव. पण दाबू नकोस आणि केस कुठं वळतात ते आधी बघ. तो वाटी घेऊन पाण्याला आत गेला तर अम्मीचा आवाज आला, "एकच गिलास ले रे."

नळाला आता पाणी असतं. तरी त्यानं एकच पेला आणला.